शोकसभेतली मोहरी

उपस्थिती एकशे चौदा. रडणारे शून्य.

वहीत एवढं लिहून मी पेन्सिल कानावर खोचली. बाबगोंडा मगदूम ऊर्फ आण्णा यांची शोकसभा सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. तिसरे वक्ते, सार्वजनिक वाचनालयाचे चिटणीस, बोलत होते.

"आण्णांनी वाचनालयाला भिंतीवरचं घड्याळ दिलं," ते म्हणाले, आणि पुढचं आठवेना म्हणून थांबले. "आणि दर सोमवारी ते दोन मिनिटं मागं आहे, हे सांगायला ते स्वतः यायचे. अठरा वर्षं."

जाजमावर बसलेल्यांपैकी कुणीतरी जांभई दिली. मी पुन्हा एकदा रांगा बघितल्या. कोरड्या. फक्त सगळ्यांत मागं, दाराशी बसलेल्या लोणच्याच्या कारखान्यातल्या बारा बायकांनी पदर नाकातोंडाला घट्ट धरले होते. आधी मी त्यांना 'रडणारे' या रकान्यात टाकलं. मग नीट पाहिलं. डोळे लख्ख होते. मी बारा खोडले.

हे मोजणं म्हणजे माझा विक्षिप्तपणा नव्हता, नोकरी होती. साल शहाऐंशी. मी सांगलीच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो, वय चोवीस. आमचे संपादक दातारसाहेब यांचा नियम होता : कोण, कुठे, कधी, किती. "'का' हा प्रश्न अग्रलेखाचा," ते म्हणत. "वार्ताहरानं त्यात पडायचं नाही." दोन महिन्यांपूर्वी एका मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाला मी न जाताच बातमी दिली होती. शेवटी ठेवणीतलं वाक्य टाकलं होतं, 'उपस्थितांना अश्रू अनावर झाले.' तिसऱ्या दिवशी खुद्द मुख्याध्यापकांचं पत्र आलं : 'माझ्या निरोपाला कोणीही रडले नाही. दोन शिक्षक तर हसत होते. कृपया दुरुस्ती छापावी.' दातारसाहेबांनी दुरुस्ती छापली आणि मला बोलावून घेतलं.

"वसगडे, यापुढे तुमच्या बातमीत कुणी रडलं, तर मला आकडा पाहिजे. आणि तो आकडा चुकला, तर दुसरी नोकरी बघायची."

म्हणून मी मोजत होतो.

दुसरंही एक कारण होतं. त्याच दिवशी सकाळी आण्णांच्या पत्नीनं, अक्काताईंनी, मला बोलावणं पाठवलं होतं. मी गेलो तेव्हा त्या मोहरी निवडत होत्या.

"सुकुमार, तू येणार न्हवं सभेला?"

"येणार की, अक्का."

"भाऊसाहेब पोळ काय म्हणालेत, ऐकलंस का? पार नगरपालिकेत बसून चारचौघांत म्हणालेत. 'मगदुमासाठी गावात एक डोळा ओला व्हायचा न्हाई.'"

ऐकलं होतं. सगळ्या गावानं ऐकलं होतं आणि कुणालाच ते खोटं वाटलं नव्हतं.

"तू पेपरात काय लिवणार?"

"जे दिसेल ते."

"म्हणजे रडलेले दिसले तर रडले म्हणून लिवशील?"

"मोजून लिहीन."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि एक खडा बोटानं उडवला.

आता आण्णांविषयी सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. पण मोहरीच्या बाबतीत त्याला दयामाया नव्हती. त्यांच्या कारखान्यात लोणच्याची मोहरी रोज सकाळी ते स्वतः फेसत. दगडी खलात दळलेली मोहरी घ्यायची, माठातलं थंड पाणी घालायचं, बत्त्यानं एका दिशेनं शंभर फेरे द्यायचे, झाकून दहा मिनिटं थांबायचं. मग खलात तोंड घालून श्वास घ्यायचा. डोळ्यांतून धार लागली तर माल खरा. नाही लागली तर सगळा खल उकिरड्यावर.

हे कारखान्यापुरतं राहिलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण आण्णा गावातल्या प्रत्येक लग्नाला जात. पंगतीत बसले की पहिल्यांदा लोणचं बोटावर घेत, जिभेला लावत आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणत, "मोहरी मेलीय." मुलीच्या बापाचं तोंड उतरे. सत्तावन्न साली भाऊसाहेब पोळांच्या लग्नात हेच झालं. नवरदेव बोहल्यावरून उतरून पंगतीत आला, तो त्याच्या कानावर पहिलं वाक्य पडलं ते हे. भाऊसाहेब पुढं नगराध्यक्ष झाले, आजोबा झाले, पण ते वाक्य विसरले नाहीत.

आणि आज तेच भाऊसाहेब शोकसभेचे अध्यक्ष होते, कारण गावात कुठल्याही सभेचे तेच अध्यक्ष असत.

सभा कारखान्याच्या गोदामात होती. अक्काताईंचा हट्टच होता. "माणूस जिथं राबला तिथंच सभा हुईल." लांबलचक पत्र्याचं गोदाम, एका बाजूला कैरीच्या फोडी सुकवायचे दोन भलेमोठे पंखे. समोर मंगल कार्यालय होतं आणि एप्रिलचा मुहूर्त असल्यामुळे तिथं बँड वाजत होता. शोकसभेत तो ऐकू येऊ नये म्हणून अक्काताईंनी दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या होत्या. हे मला तेव्हा अगदी रास्त वाटलं.

त्या पंख्यांच्या पुढं व्यासपीठ, त्यावर आण्णांचा फोटो, त्याला हार. फोटोसमोर तोच दगडी खल, त्यात दळलेली मोहरी. खलाशेजारी खुर्चीत अक्काताई. फुलं वाहायची नाहीत, असं त्यांनी सांगितलं होतं. प्रत्येक वक्त्यानं खलात तांब्यानं थोडं पाणी घालायचं, बत्त्याचे चार फेरे द्यायचे आणि मग बोलायचं. आण्णांना हीच आदरांजली.

भाऊसाहेबांनी सुरुवातीलाच वाकून खल हुंगला होता. "काय वास बी येत न्हाई की," ते शेजारच्याला म्हणाले. "हेच्यासाठी म्हातारा गावाला छळत हुता व्हय?"

तर तिसऱ्या वक्त्याचं घड्याळ संपलं. चौथे उठले. आधीच्या तिघांनी तांब्या काठाला धरून उचलला होता, यांनी पोटाला हात लावला आणि झटकला. "आई गं! पाणी हाय का काय हे?"

अक्काताई इतका वेळ मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. तांब्याला बोट लावलं.

"हे गरम पाणी कुणी आणलं?"

"मी आणायला लावलं," भाऊसाहेब अध्यक्षीय आवाजात म्हणाले. "गावात काविळीची साथ हाय. नगरपालिकेनं दवंडी दिलीया, पाणी उकळूनच वापरायचं. मीच दवंडी द्यायची आन् मीच मोडायची? घरनं थर्मास भरून आणलाय."

"उकळतं पाणी?" अक्काताई म्हणाल्या. "मोहरीत?"

मागच्या बायकांमध्ये कुजबूज झाली. एकीनं पदर खाली केला आणि कपाळावर हात मारला. बाकीच्या अकरा जणींनी एकदम मोकळा श्वास घेतला. मला काहीच कळलं नाही. मी लिहिलं : 'पाण्यावरून किरकोळ चर्चा.'

अक्काताई उठल्या. बाई साडेचार फुटांची, पण गोदाम शांत झालं.

"भाऊसाहेब, मोहरी मेली की ही. आण्णांचा फोटो बघतोय, आन् त्यांच्या म्होरं मेलेली मोहरी? इराप्पा!"

मुकादम इराप्पा धावत आला. आण्णांच्या हाताखाली त्यानं तीस वर्षं काढली होती आणि त्याचा स्वभाव असा, की सांगितलेलं काम तो कधी कमी करत नसे.

"हे काढ. दुसरी मोहरी आण. माठातलं गार पाणी आण."

"किती आणू, अक्का?"

"आण्णांना शोभंल एवढी."

आणि इराप्पानं दळलेल्या मोहरीचं आख्खं पोतं आणलं. खल काठोकाठ भरला. उरलेली वाया जाऊ नये म्हणून त्यानं दोन पराती भरल्या आणि त्याही आदरानं खलाच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. तिन्हीत माठाचं पाणी ओतलं. अक्काताई परातींकडं बघून काहीतरी बोलणार होत्या. मग त्यांनी फोटोकडं पाहिलं आणि खुर्चीत बसल्या.

मागं बाराही पदर पुन्हा वर गेले. या खेपेला दुहेरी घडी घालून.

"आता अध्यक्षांनी फेरे द्यावेत," अक्काताई म्हणाल्या. "आण्णा रोज शंभर द्यायचे. तुमी वयस्कर. दहा-बारा जमलं तरी पुरे."

भाऊसाहेब आण्णांपेक्षा नऊ वर्षांनी लहान होते. त्यांनी कोटाच्या बाह्या मागं सारल्या. "शंभर ना? मोजा रे!"

पहिल्या रांगेनं मोजायला सुरुवात केली. शोकसभेत एवढा उत्साह तोवर कुणी दाखवला नव्हता. साठपर्यंत भाऊसाहेब लाल झाले होते, ऐंशीला त्यांनी बत्ता दोन्ही हातांनी धरला, शंभराला टाळ्या पडता पडता राहिल्या. इराप्पा दोन्ही पराती दोन हातांनी घुसळत होता.

"आता झाका आन् बोला," अक्काताई म्हणाल्या.

मध्ये दहा मिनिटं भाऊसाहेब बोलले. काय बोलले ते माझ्या वहीत आहे : 'मगदूम वक्तशीर होते. मगदूम स्पष्ट होते. मगदूम आज आपल्यात नाहीत.' ही तीन वाक्यं त्यांनी तीन प्रकारे सांगितली. मी रडणाऱ्यांच्या रकान्यात शून्याला गिरवत बसलो होतो.

मग अक्काताईंनी खलावरचं आणि परातींवरचं फडकं काढलं आणि इराप्पाकडं बघून किंचित मान हलवली. त्यानं फोटोमागचे दोन्ही पंखे सुरू केले.

"मगदूम आज..." भाऊसाहेब म्हणाले आणि थांबले.

त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं. नाकपुड्या फुलल्या. डोळे मोठे झाले, मिटले, उघडले आणि दोन्हींतून पाणी वाहायला लागलं. थेंब नव्हे, धार.

"आण्णा..." ते म्हणाले. आवाज फुटेना. "आण्णा गेलं हो!"

सभा चकित झाली. भाऊसाहेब पोळ मगदुमांसाठी रडताहेत! पहिली रांग एकमेकांकडं बघत होती, तेवढ्यात तिच्यापर्यंत झुळूक पोचली. वाचनालयाच्या चिटणिसांनी चष्मा काढला. देवळाच्या पंचांनी उपरणं तोंडाला लावलं. दुसरी रांग. तिसरी. गहू वाऱ्यावर वाकावा तसं रडू मागं सरकत गेलं. गोदामभर हुंदके, शिंका, नाकं ओढण्याचे आवाज. मी पेन्सिल काढून मोजायला लागलो. एकोणीस. सव्वीस. चाळीस. मग माझ्याच नाकातून कुणीतरी सुई घालून ती कपाळातून बाहेर काढली असं वाटलं आणि वही दिसेनाशी झाली.

गंमत अशी, की माणूस एकदा रडायला लागला की त्याला रडण्याला शोभेल असं काहीतरी आठवायला लागतं. भाऊसाहेब माईक सोडेनात.

"सत्तावन्न साली," ते हुंदके देत म्हणाले, "माझ्या लग्नात आण्णा म्हणाला, मोहरी मेलीय! भर पंगतीत! आन् मग... आन् मग घरला जाऊन चार बरण्या घेऊन आला हो! स्वतःच्या डोक्यावरनं! स्वतः वाढलं! माझ्या सासऱ्यांनी तीनदा मागून घेतलं. हे मी कुणाला सांगितलं न्हाई! तीस वरसं सांगितलं न्हाई!"

"आमच्या बी लग्नात वाढलं!" मागून कुणीतरी रडत ओरडलं.

"घड्याळ मागंच होतं!" चिटणीस म्हणाले. "दोन मिनिटं! रोज!"

मी डोळे पुसत, भिंतीला धरून, रांगेरांगेनं फिरून मोजत होतो. कारखान्यातल्या बायका पदराच्या दोन घड्यांतूनसुद्धा रडत होत्या. इराप्पा रडत होता. एकशे तेरा. मी पुन्हा मोजलं. एकशे तेरा. उपस्थिती एकशे चौदा. कोण राहिलं?

मी व्यासपीठाकडं पाहिलं. खलापासून हातभर अंतरावर अक्काताई ताठ बसल्या होत्या. पापणीसुद्धा हलत नव्हती. भरलेल्या बरण्या बघाव्यात तशा त्या सभेकडं बघत होत्या. डोळे ठणठणीत कोरडे.

शेवटी कुणीतरी दार उघडलं आणि सगळी सभा रस्त्यावर कोसळली. समोर वरात दाराशी आली होती. नवरदेवानं घोड्यावरून पाहिलं : शंभरावर माणसं, पुढं नगराध्यक्ष, सगळे धाय मोकलून रडताहेत. त्यानं हात वर करून बँड थांबवला, घोड्यावरून उतरला आणि मुंडावळ्या बाजूला सारून आमच्या दिशेनं हात जोडले. त्याचा मामा डोळे पुसत म्हणाला, "काय माणूस असंल बघा!" मामा गोदामाच्या दारासमोर उभा होता, एवढं नोंदवून ठेवतो. परगावचा असल्यामुळे मी त्याला मोजला नाही.

गर्दी पांगल्यावर मी आत गेलो. पंखे बंद झाले होते. अक्काताई खलावर फडकं बांधत होत्या.

"अक्का, हे तुम्ही केलं."

"मी काय केलं? ते रोज करायचे तेच केलं. जरा जास्त झालं. इराप्पाला 'शोभंल एवढी' म्हणायला नको हुतं."

"पण सुरुवातीला तर नुसता वाससुद्धा नव्हता."

"कोरड्या मोहरीला कुठला वास? दाण्यात दोघंजण ऱ्हात्यात बघ, येगयेगळ्या खोल्यांत. दाणा फुटला, गार पाणी लागलं, की दोघं भेटत्यात आन् मग भांडाण. गरम पाणी घातलं की त्यातला एक मरतोय. मग कसलं भांडाण? आण्णा म्हणायचे असं."

पुढं कॉलेजातल्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना मी हे विचारलं. त्यांनी सांगितलं, भांडणातून जे निघतं त्याचं नाव ॲलिल आयसोथायोसायनेट, बाकी मगदुमांचं बरोबर आहे.

"तू मोजलंस न्हवं?" अक्काताईंनी विचारलं.

"मोजले."

"किती?"

"एकशे तेरा."

"आन् माणसं?"

मी वही मिटली. त्यांच्या हातातली गाठ अर्धी राहिली.

"मला न्हाई येत रे," त्या म्हणाल्या. "चाळीस वरसं ह्या खलावर बसले. माझ्या डोळ्यांचं सगळं पाणी हितंच सपलंय. ते गेले त्या दिवशी बी न्हाई आलं. बायका आल्या, बसल्या, माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायल्या. जाताना जिन्यात म्हणाल्या, हिचं काळीज दगडाचं हाय." त्यांनी गाठ ओढून पक्की केली. "भाऊसाहेब काय, बोलतंय बिचारं. त्याच्या बोलण्याचं मला काय न्हाई. मी म्हटलं, मला जमंना, तर माझ्या वाटणीचं गावानं तरी रडावं."

पोस्टातून सांगलीला फोन लागायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात मी बातमी तीनदा लिहिली. आकडा तसाच ठेवला तर सकाळी गाव वाचणार : सगळे रडले, एकजण सोडून. आणि तो एकजण कोण हे विचारायला कुणी नगरपालिकेत जाणार नव्हतं.

"बोला वसगडे," पलीकडून दातारसाहेब.

"मगदूम यांची शोकसभा. अध्यक्ष भाऊसाहेब पोळ. उपस्थिती एकशे चौदा. मान्यवरांनी मोहरी फेसून आदरांजली वाहिली."

"काय फेसून?"

"मोहरी."

"बरं. पुढे."

"उपस्थित रडले."

"किती?"

"सगळे."

"वसगडे, 'सगळे' हा आकडा नव्हे."

"एकशे चौदा."

"मोजले?"

"दोनदा."

"भाऊसाहेब पोळसुद्धा?"

"पहिले तेच."

मग ते म्हणाले, "तुमचा आवाज का बसलाय?"

"मीही रडलो, साहेब. पण मला धरलेलं नाही."

"धरायचंच नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं पेपर आला तो घेऊन मी मगदुमांकडं गेलो. भाऊसाहेब काहीही म्हणोत, आकड्यावर हरकत घ्यायला आता एकच माणूस शिल्लक होता आणि तो गोदामाच्या पायरीवर बसला होता. खल धुऊन पालथा घातला होता. पराती उन्हात वाळत होत्या. सुतकामुळे काम बंद होतं, आवारात कसलाही वास नव्हता.

अक्काताईंनी आण्णांचा चष्मा लावला. बोट ठेवून, एकेक शब्द जुळवत, वाचत गेल्या. 'एकशे चौदा' वर बोट थांबलं. खाली गेलं. पुन्हा वर आलं.

"तू तर एकशे तेरा म्हणाला हुतास."

"मोजण्यात चूक झाली असेल, अक्का."

"आण्णांच्या म्होरं असली चूक केली असतीस तर..." त्या म्हणाल्या. "तर त्यांनी तुला..."

वाक्य पुरं झालं नाही. चष्म्याच्या काचा आतून धुरकट झाल्या. त्यांनी चष्मा काढला, पदर शोधला, सापडला तरी लावला नाही. मी पालथ्या खलाकडं बघितलं, पंख्यांकडं बघितलं, सवयीनं. दोन्ही बंद होते.

मी वही काढली. एकशे तेरा खोडलं. एकशे चौदा लिहिलं.

दातारसाहेबांना दुरुस्ती छापावी लागली नाही.